सासऱ्याची जुनी, जावयाची नवी

गोळी वाजली तेव्हा कुणी दचकलं नाही. पहारेकऱ्यांना नेमबाजी शिकवणाऱ्या शाळेत सकाळी साडेआठला गोळी वाजणं म्हणजे घरात भांडं पडण्यासारखं. कोण मान वळवतो? ही गोळी मैदानावर नाही, सफाईच्या खोलीत सुटली, हे कळायला नऊ वाजले.

नेमबाजी शिकवणारे उस्ताद टेबलाच्या पायाशी पडले होते. छातीत एकच गोळी.

साडेनऊला तपासणीसबाई आल्या. खोली लहान. तेलाची बाटली, चिंध्या, उंच खिडकी, आणि खिडकीची एक झडप वाऱ्याने सारखी आपटत होती. उस्तादांच्या उजव्या हाताजवळ पिस्तूल. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता लोखंडी भाग, मागे जाऊन तिथेच अडकलेली. चोच उघडी राहिलेल्या मेलेल्या पाखरासारखं ते दिसत होतं. रिकामं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारा गोळ्यांचा कप्पा, टेबलावर. जमिनीवर गोळीचं एक टरफल.

"कुणी हात लावला?"

"कुणी नाही, बाई," दारातला हवालदार म्हणाला. "मीच पहिला आलो. तेव्हापासून इथंच उभा आहे."

बाई पिस्तुलाकडे बघत राहिल्या. काहीतरी खुपत होतं. डोळ्यात कण जावा आणि सापडू नये, तसं.

शाळेचे भांडारप्रमुख घाम पुसत आत आले. "अपघात, बाई. उघड उघड अपघात. आज बारा वाजता समिती बसणार होती. पहारेकऱ्यांना कुठलं पिस्तूल द्यायचं, जुनं की नवं."

"फरक काय दोघांत?"

"कंपनी एक, मूठ एक, गोळी एक. फरक एवढाच, की जुन्याचं मॅगझिन काढलं तरी नळीत राहिलेली गोळी ट्रिगर दाबल्यावर सुटते. नव्याचं मॅगझिन काढलं की ट्रिगर मुका. म्हणून तर मी म्हणत होतो, नवंच घ्या! हे जुनं. यांनी मॅगझिन काढलं, वाटलं रिकामं झालं. खोलून पुसायचं तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. दाबला. संपलं."

"आणि स्लाइड मागे अडकली ती?"

"शेवटची गोळी सुटली की अडकतेच. मैदानावर रोज बघतो मी."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "हत्यार देताना नळी तपासायचं काम कुणाचं?"

"मिस्त्रींचं. नजर गेलीय म्हाताऱ्याची." प्रमुखांनी आवाज उतरवला. "का मुद्दाम डोळेझाक केली, देव जाणे. मिस्त्री म्हणजे उस्तादांचे सासरे. जावयाशी चार महिने अबोला. सगळी शाळा चेष्टा करते, सासऱ्याची जुनी, जावयाची नवी!"

साडेदहा. झडप आपटतच होती.

मिस्त्री मागच्या अंगणात, चिंध्या उकळायच्या डेगीपाशी बसले होते. ओठ हलत होते, सवयीचं काहीतरी गुणगुणत.

"तेल घालू लोखंडाला, माया घालू माणसाला,
लोखंड राहिलं बाई, माणूस गंजून गेला."

बाई समोर उभ्या राहिल्या तसे ते थांबले.

"पिस्तूल तुम्ही काढून दिलंत?"

"नाही. काल संध्याकाळी दोन्ही कपाटात ठेवली. नळीत करंगळी घालून बघितली. डोळे दगा देतात, करंगळी देत नाही. आज कपाट उघडलंच नाही मी."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक प्रमुखांकडे."

"साडेआठला कुठे होतात?"

"इथंच. एकटा." ते डेगीतल्या पाण्याकडे बघत होते. "माझी साक्ष द्यायला ह्या चिंध्याच आहेत, बाई."

"जावयाशी भांडण कशाचं?"

"भांडण कसलं! तो म्हणायचा, आबा, माणूस चुकतो, हत्यारानं सांभाळून घ्यावं. मी म्हणायचो, झटापटीत मॅगझिन निसटलं आणि हत्यार मुकं झालं, तर सांभाळणार कोण? एकदा चारचौघांत त्याला पोरसवदा म्हणालो. ते लागलं त्याला. लेकीच्या घरची पायरी तेव्हापासून मला परकी झाली."

भांडाराच्या भिंतीला लागून बाकावर लेक बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"आबांना नेणार का?" तिने आधी तेच विचारलं. "एका सकाळी दोघांना नका हो नेऊ."

"काल काही बोलले उस्ताद?"

"जेवताना हसत होते. म्हणाले, अहवाल लिहून झाला, उद्या सकाळी देतो. आबांना आत्ता काही सांगू नकोस, बारा वाजता त्यांचा चेहरा बघायचाय मला." तिने पदर बोटावर करकचून आवळला. "काय लिहिलंय, ते मला सांगितलंच नाही."

अहवाल उस्तादांच्या पिशवीत नव्हता. टेबलावरही नव्हता.

भांडाराचं दार अर्धं उघडं होतं. बाईंनी आत डोकावलं. भिंतीला टेकून लाकडी पेट्यांची रास. प्रत्येकीवर नव्या पिस्तुलाचं चित्र.

"कधी आल्या ह्या?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

"महिना झाला असेल."

"आणि निवड आज व्हायची होती?"



बाई तडक मैदानावर गेल्या. सरावातलं जुनं पिस्तूल मागवलं. मॅगझिनमध्ये एक गोळी भरून वाळूच्या ढिगात झाडली. स्लाइड मागे अडकली. मग एक गोळी नळीत चढवली, मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि पुन्हा झाडली. हातातल्या पिस्तुलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, आणि पुन्हा काढलं नाही.

बारा वाजता समितीच्या खोलीत सगळे उभेच राहिले. बसवत कुणालाच नव्हतं.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "मॅगझिन बाहेर आहे आणि नळीतली गोळी सुटली, तर स्लाइड कुठे जाईल?"

"मागे जाऊन पुढे येईल. मिटेल. दुसरं काय करील?"

"आणि शेवटची गोळी सुटल्यावर मागे अडकते, ती कशाने?"

"रिकाम्या मॅगझिनमुळे. त्यातली पट्टी वर येते आणि खटका उचलते. मॅगझिनच नसेल तर खटका उचलणार कोण? नंतर कुणी हातानं अडकवली तर गोष्ट निराळी."

"मी येईपर्यंत हवालदार दारातून हलले नाहीत आणि उस्ताद जागच्या जागी गेले. खरंच अपघात असता, तर हातानं अडकवायला कोणी नव्हतं." बाई वळल्या. "म्हणजे गोळी सुटली तेव्हा मॅगझिन आत होतं. ते नंतर काढलं गेलं. मेलेला माणूस मॅगझिन काढून टेबलावर ठेवत नाही. हा अपघात मांडलेला आहे. आणि मांडणाऱ्याने आयुष्यभर हत्यार फक्त मैदानावर पाहिलंय, मॅगझिन आत असताना. शेवटची गोळी सुटली की स्लाइड उघडीच राहते, अशी त्याची पक्की समजूत. तीस वर्षं पिस्तुलं खोलून पुसणारा असली चूक झोपेतही करणार नाही. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक मिस्त्रींकडे."

भांडारप्रमुखांनी खिशावर हात ठेवला. मग काढला.

"अंदाज आहे हा तुमचा."

"पेट्या अंदाज नाहीत. निवड होण्याआधीच तुम्ही नवी पिस्तुलं मागवून बसलात. उस्ताद नव्याच्या बाजूचे, म्हणून निर्धास्त होतात. आज सकाळी त्यांनी अहवाल तुमच्या हातात दिला आणि पायाखालची जमीन सरकली. जुन्यात एक गोळी भरून सफाईच्या खोलीत गेलात. उस्ताद गेले, जुनं बदनाम झालं, दोष म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर. एका गोळीत तिघं."

हवालदार प्रमुखांच्या खोलीतून बॅग घेऊन आला. आतल्या कप्प्यात घडी घातलेले चार कागद होते.

"फाडायला वेळच मिळाला नाही," प्रमुख पुटपुटले, आणि खुर्चीत कोसळले.

त्यांना नेल्यावर बाईंनी शेवटचा कागद मोठ्याने वाचला. "झटापटीच्या चाचणीत नव्या पिस्तुलाचं मॅगझिन तीनदा निसटलं आणि तिन्ही वेळा पहारेकरी हातात मुकं लोखंड घेऊन उभा राहिला. जुनंच ठेवावं. मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं. चूक माझी."

 लेक मिस्त्रींच्या जवळ आली. चार महिन्यांनी तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, बारा वाजता त्यांना तुमचा चेहरा बघायचा होता."

व्हरांड्याच्या टोकाला सफाईच्या खोलीचं दार बंद होतं. आतली झडप आता आपटत नव्हती. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली, आपला चेहरा त्या दाराकडे वळवला, आणि कुणी नीट बघून घ्यावा म्हणून बराच वेळ तसाच धरून ठेवला.