टाकीतला खडा

ही गोष्ट खरी आहे. बनवलेली असती तर मी ती जास्त चांगली सांगितली असती. जिथं काही कळत नाही, तिथं काहीतरी जोडून दिलं असतं. यात काहीच जोडलेलं नाही.

वडिलांनी ती मला दोनदा सांगितली. एकदा मी वीस वर्षांची असताना. दुसऱ्यांदा गेल्या फाल्गुनात, त्यांच्या जाण्याच्या आठ दिवस आधी. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

साल एकोणीसशे चौपन्न. चैत्र महिना. जिल्हा चांदा, गडचिरोली तेव्हा वेगळा झालेला नव्हता. आरमोरीपासून पंधरा मैल आत आमचं गाव, आणि दोन्हींच्या मधोमध, जंगलात, बांबूचा एक डेपो.

रात्र नव्हती. ऊन डोक्यावर होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणारे पहिलं तेच विचारतात.

इस्तारी, म्हणजे माझे वडील, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. लढाईच्या काळात कामठीला मोटारी खोलायला-जोडायला शिकला होता. आता एका ठेकेदाराच्या लॉऱ्या सांभाळायचा. हातात पाना असला की त्याला देव-भूत काही आठवत नसे.

घरी त्याची बायको कुंता. आठवा संपत आला होता.

आधीची दोन मुलं गेली होती. दोन्ही वेळा बंडी आरमोरीच्या दवाखान्यात पोचायच्या आत. दुसऱ्या वेळी बैल जंगलात वाटेतच बसले आणि कुंता बंडीत एकटी ओरडत राहिली.

या खेपेला बंडी नाही, असं इस्तारीनं मनाशी पक्कं केलं होतं.

ठेकेदाराची एक जुनी मोटार डेपोच्या छपरीत नऊ वर्षं पडून होती. ठेकेदार म्हणाला, "चालू करून दाखव. बाळंतपणापरेंत तुझ्या दारात ठेव."

इस्तारीनं चार दिवसांत इंजिन बोलतं केलं. पण मोटार दोन फर्लांग गेली की धाप लागल्यासारखी बंद पडे. त्यानं नळी सोडली. आतून पेट्रोल आलं ते लाल. गाळ पातळ केल्यासारखं.

टाकी आतून गंजली होती.

नवी टाकी नागपूरहून यायची तर दीड महिना. कुंताकडे दीड महिना नव्हता.

डेपोचा राखणदार लालसू बिडी ओढत सगळं बघत होता. साठीचा गोंड माणूस. डेपोतच राहायचा, एकटा.

"इस्तारी गा, नऊ वर्सं कोंबड्यांनी अंडे घातले हिच्यात," तो म्हणाला. "आता तू पेट्रोल घालून राह्यला. कोंबड्यांले तरी विचार."

"विचारलं, भाऊ. मनते, लालसूले हाकला आधी."

लालसू खोकत खोकत हसला आणि टोपलं घेऊन मोहाची फुलं वेचायला निघून गेला.

इस्तारीनं टाकी खाली उतरवली. उन्हात उघडी ठेवली, पाण्यानं धुतली, रात्रभर चिंचेचं पाणी भरून ठेवलं. घरी कुंता म्हणाली, "बायकोपरीस त्या टाकीलेच जास्त आंघोळ घातली तुमी."

दुसऱ्या दिवशी गंज सैल झाला, पण सुटेना. अशा वेळी मिस्त्री लोक काय करतात, तर टाकीत मूठ-दोन मूठ टोकदार खडे टाकतात आणि टाकी हलवत राहतात. खडे आतला गंज खरवडून काढतात. कामठीला त्यानं शंभरदा केलं होतं.

पण खडे हवेत ना.

आमच्याकडची जमीन धानाची. मऊ माती. मुरूम पाण्यात विरघळतो. नदीची रेती बारीक, तिनं गंज निघत नाही. इस्तारी तासभर डेपोच्या आसपास फिरला. एक कामाचा खडा सापडला नाही.

मग त्याला रस्त्याकडेचं ऐनाचं झाड दिसलं. त्याच्या बुडाशी खड्यांचा ढीग. गुडघ्याएवढा.

तो ढीग कशाचा, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या जंगलात वाघानं जिथं माणूस नेला, तिथं येणारा-जाणारा एक खडा टाकून पुढं जातो. त्याची आई टाकायची. येता-जाता त्यानंही टाकला असेल. कोणासाठी, ते कधी विचारलं नाही.

'खडा तो खडा,' असं तो मनात म्हणाला.

आणि चांगले टोकदार बघून त्यानं दोन मुठी भरल्या.

टाकी मांडीवर घेऊन तो छपरीत बसला आणि हलवू लागला. खडखड, खडखड. लाल पाणी बाहेर येऊ लागलं. त्याला बरं वाटलं. हात भरून आले, तेव्हा तो थांबला.

टाकी मांडीवर स्थिर होती.

आत...

खड... खड.

दोनदा. मग शांत.

खडे बसले असतील, असं त्याला वाटलं. त्यानं टाकी उलटी करून खडे, गाळ, पाणी, सगळं डेपोच्या नालीत ओतलं. टाकी हलवून पाहिली.

एक खडा आत राहिला होता.

आत आडवे पत्रे असतात, त्यांत कधी कधी अडकतो. त्यानं टाकी उलटली, पालटली, तार घातली. खडा खुळखुळायचा, पण तोंडाशी यायचा नाही. शेवटी त्यानं नळीच्या तोंडाला जाळी बसवली, म्हणजे खडा राहिला तरी बिघडत नाही. गंजानं पडलेली भोकं डाग देऊन बुजवली, टाकी बसवली, पेट्रोल भरलं, हँडल मारलं.

मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली.

ऐनाजवळ येऊन ती बंद पडली.

भर दुपार. पानही हलत नव्हतं. आणि त्याच्या लक्षात आलं की पाखरंही गप्प आहेत. मोहाच्या दिवसांत जंगल कधी गप्प नसतं.

त्यानं खाली उतरून नळी सोडली. जाळीवर काहीतरी अडकलं होतं. त्यानं बोटानं ओढून काढलं...

मोहफूल होतं.

ताजं. आत्ता झाडावरून पडल्यासारखं. पेट्रोलचा वास नव्हता त्याला.

त्यानं ते फेकलं. नळी बसवली. उठून वळला, तर मोटारीचं मागचं दार उघडं होतं.

त्यानं ते उघडलं नव्हतं.

त्यानं दार लावलं. हँडल मारलं. मोटार चालू झाली आणि गावापर्यंत कुठंही थांबली नाही. फक्त मागं, टाकीत, खड्ड्याखड्ड्याला खडा वाजत होता. सपाट रस्त्यावरही.

घरी कुंता दारात आली. हातात पाण्याचे दोन पेले.

"दोन कायले?" इस्तारीनं विचारलं.

"तुमच्या संगं बाई होती ना? मांगं बसून. मांडीवर टोपलं होतं तिच्या." कुंतानं मोटारीच्या पलीकडं वाकून पाहिलं. "कुठी गेली?"

 दोन्ही पेले इस्तारीच प्याला.

पहाटे कुंताच्या कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या तीन आठवडे आधी.

बंडी बोलवायची की मोटार काढायची? इस्तारीनं दारात उभं राहून विचार केला, तो फार तर दोन बिड्यांएवढा वेळ. बंडीनं दोन मुलं नेली होती. त्यानं कुंताला मागच्या सीटवर निजवलं. गावात बरोबर यायला दुसरं कोणी नव्हतं. सगळ्या बायका अंधारातच मोहाखाली गेल्या होत्या.

सात मैल मोटार नीट चालली. ऐन दिसला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आणि तिथंच, कालच्याच जागी, ती थांबली.

ढिगाजवळ लालसू बसला होता.

त्याच्यापुढं धुतलेले खडे होते. रात्रभर कंदील घेऊन त्यानं नाली चाळली होती. गाळातून एकेक खडा काढून, धुऊन, परत ढिगावर ठेवत होता. हातांची नखं लाल झाली होती.

त्यानं वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"एक कमी हाये," तो म्हणाला.

"तुमी मोजले होते का, भाऊ?"

"मले कुठी मोजता येते? पन कमी हाये."

इस्तारीनं मोटारीकडं हात केला. "टाकीत हाये. निघत नाई. अन् कुंता..."

मागून कुंता कण्हली.

लालसू उठला. "हे बुधरीचं हाये," तो ढिगाकडं बोट दाखवून म्हणाला. "माह्यी बायको. मोह वेचाले आली होती. अकरा वर्सं झाली. लोक खडा टाकते, ते तिनं मांगं येऊ नये म्हून. मी रोज टाकतो, ते तिले एकटं वाटू नये म्हून."

इस्तारीला खाली मान घालावी लागली. अकरा वर्षं हा माणूस जंगलात एकटा का राहतो, हेसुद्धा त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"टाकी उतरवतो," तो म्हणाला.

"किती टाइम लागते?"

"दोन तास."

लालसूनं मागच्या सीटवर पाहिलं. कुंताचे ओठ पांढरे पडले होते. मग तो मोटारीच्या मागं गेला, वाकला, टाकीवर तळहात ठेवला आणि गोंडीत बोलू लागला. हळू. घरातल्या माणसाशी बोलावं तसं. इस्तारीला एक नावच समजलं.

आतून...

खड.

एकदाच.

"जा," लालसू म्हणाला. "ती येऊन राह्यली संगं. दवाखान्यापरेंत." त्यानं इस्तारीचं मनगट धरलं. "पन परत आन तिले."

"आनतो."

"बोल."

"आनतो, भाऊ. शप्पत."

मोटार चालू झाली. पुढचे आठ मैल इस्तारीनं एकदाही मागं पाहिलं नाही. कुंता ओरडत होती, मग ओरडणं थांबलं, मग ती कोणाशी तरी बोलल्यासारखी "हो बाई, हो बाई" म्हणत राहिली. आणि मोटारभर मोहाचा वास.

दवाखान्याच्या दारात मोटार थांबली तेव्हा खडा शेवटचा वाजला.

तासाभरात मुलगी झाली. जिवंत.

ती मी.

आई नंतर सांगायची, वाटेत कोणीतरी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हात खडबडीत होते आणि गार होते. आई त्या हातांना भ्यायली नाही. भीती तिला नंतर वाटली, घरी आल्यावर, आणि मग ती कधीच पूर्ण गेली नाही.

बाराव्या दिवशी इस्तारी आम्हाला घेऊन परत निघाला. पंधरा पावलांतच त्याच्या लक्षात आलं.

टाकी वाजत नव्हती.

ऐनाजवळ त्यानं मोटार थांबवली. लालसू उभा होता. नवं धोतर नेसून.

"आनली का?"

 इस्तारीनं टाकी उतरवली, पाण्यानं भरून पुन्हा रिकामी केली आणि छिन्नीनं चिरली. ठेकेदार काय म्हणेल, हा विचारही केला नाही. आतला पत्रा नव्या भांड्यासारखा चकचकीत होता.

खडा नव्हता. जाळी जागच्या जागी होती.

लालसू बराच वेळ त्या उघड्या टाकीत बघत राहिला. मग उठून मागच्या सीटपाशी आला. कुंताच्या मांडीवर मी जागी होते. वडील म्हणाले, मी आईकडं बघत नव्हते. तिच्या डाव्या बाजूला, रिकाम्या सीटकडं बघत होते, आणि डोळे हलवत नव्हते.

लालसूनं कनवटीला बांधलेली मोहफुलं सोडली आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"तुमच्या घरी जाऊन राह्यली ती," तो कुंताला म्हणाला. "नीट ठेवजो, बाई."

त्या दिवसापासून त्यानं ढिगावर खडा टाकला नाही. पावसाळ्याआधी डेपो सोडून गेला. कुठं, ते कळलं नाही. वडिलांनी सिरोंच्यापर्यंत शोध घेतला.

आमच्या घरी दुपारी पाण्याचा एक पेला जास्त भरला जायचा. मला ते इतकं सवयीचं होतं की सगळ्यांच्याच घरी भरतात असं वाटे. आई गेल्यावर वडील भरायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांना उठवत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला गोष्ट पुन्हा सांगितली. म्हणाले, "शप्पत माह्यी होती, पोरी. मी नाई पाळली."

म्हणून गेल्या महिन्यात मी त्या ऐनापाशी गेले.

भाड्याची गाडी केली होती. ड्रायव्हर गडचिरोलीचा पोरगेलासा माणूस. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. रस्ता आता रुंद आहे. ऐन अजून उभा आहे. ढीगही आहे, लोक अजून खडे टाकतात.

मी एक खडा घरूनच आणला होता. टोकदार, बोराएवढा. वडिलांच्या वतीनं. पण हात पुढं होईना. तिथं कोणी नाही, ती आमच्याच घरी, हे ठाऊक असताना खडा टाकायचा कोणासाठी? मी नुसती उभी राहिले. दुपार होती. एकही पाखरू बोलत नव्हतं.

खडा मुठीत तसाच धरून मी परत फिरले. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं. मी बसले.

त्यानं दार लावलं नाही.

"चला ना," मी म्हटलं.

तो ऐनाकडं बघत होता. "थांबा ना मॅडम," तो सहज म्हणाला. "त्या बाई येऊन राह्यल्या."

मी त्या बाजूला पाहिलं नाही.

सीटवर थोडी सरकले आणि जागा केली.