मेंढरांचा रकाना

पाली फाट्यावर बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून रुद्राणी गाड्या मोजत बसली होती. बीड जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेचा मसुदा नुकताच जाहीर झाला होता. त्यात हा रस्ता रुंद होणार होता, आणि दोन्ही बाजूंची जमीन कारखान्यांसाठी राखली जाणार होती. सध्या इथून काय काय जातं, याची सात दिवस नोंद करायची, एवढंच तिचं काम. ट्रक, टेम्पो, एसटी, मोटारसायकल, बैलगाडी… प्रत्येकाला एकेक रकाना.

थंडीचे दिवस. ऊन ज्वारीच्या पानांवर नुकतं उतरत होतं, तेवढ्यात रस्ता भरून मेंढरं आली. दवानं ओलसर झालेल्या लोकरीचा वास आला, धूळ आली, आणि सगळ्यात मागून खांद्यावर घोंगडी टाकलेला एक तरुण. मेंढरं खुर्चीला वळसा घालून पुढं गेली. तो मात्र थांबला.

"आमचा रकाना कोणता, म्याडम?"

रुद्राणीनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मेंढरांना रकानाच नव्हता… आणि का कोण जाणे, तिलाच लाज वाटली.

"शेऱ्यात लिहिते," ती म्हणाली. "किती आहेत?"

"एकशेचाळीस. मला धरून एकशेएक्केचाळीस."

तिला हसू आलं. तिनं ते कागदाआड लपवलं, पण त्यानं पाहिलं होतं.

त्याचं नाव बिभीषण. पालीजवळच्या धनगरवस्तीवर तो आई साखराबाईबरोबर राहायचा, बारावीपर्यंत शिकलेला. रस्त्याकडेच्या पडीक पट्ट्यातून बिंदुसरा धरणाच्या पाण्यावर मेंढरं न्यायची, ही अख्ख्या वस्तीची वाट होती. नकाशात तिथं जांभळा रंग भरला होता, कारखान्यांचा.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज थांबू लागला. कधी गरम हुरडा घेऊन, कधी नुसताच. तुमच्या परळीत वीज केंद्राच्या राखेनं वाळत घातलेले कपडे खरंच करडे होतात का, असं त्यानं एकदा विचारलं. होतात, ती म्हणाली, माझा पांढऱ्या ओढणीचा शौक तिथंच संपला. मग इथं राहायला पाहिजे तुमी, तो इतक्या सहज म्हणाला, की रुद्राणीनं एक ट्रक एसटीच्या रकान्यात लिहिला.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. डावा कान फाटलेली एक मेंढी सकाळी गेली, दुपारी गेली, आणि परत जाताना न दिसताच संध्याकाळी पुन्हा त्याच बाजूनं आली. तिनं मागचे कागद काढले. वस्तीतले वेगवेगळे कळप समजून ती लिहीत गेली होती, पण तिसऱ्या दिवसापासून एकच कळप शेताकडेनं फिरवून तीनतीनदा तिच्यासमोरून नेला जात होता. अन् ती वेडी, प्रत्येक वेळी मान वर करून हसत होती…

"का केलंत असं?"

बिभीषणनं नजर खाली घातली. आकडा मोठा दिसला तर वाट वाचेल, असं त्याला वाटलं होतं.

"आणि हुरडा? तोही आकड्यासाठीच?"

"न्हाई. दुसरी फेरी आकड्यासाठी मारली. तिसरी… तुमी हसता म्हणून. खरं हाय ते सांगितलं."

त्याच संध्याकाळी तिनं वरिष्ठ असलेल्या सुनिता मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, लेखी समज मिळाली, आणि तीन दिवसांची मोजणी पुन्हा करायची ठरली. त्या तीन दिवसांत मेंढरं साखराबाईच आणायची. रोज एकदाच. बिभीषण कुठंच दिसायचा नाही, आणि रुद्राणीला रस्ता फार लांब वाटायचा.

मोजणी संपल्यावर ती स्वतःच वस्तीवर गेली. खोट्या आकड्यानं वाट वाचत नाही, तिनं त्याला सांगितलं, तुमचा खरा आकडाच पुरेसा आहे. वस्तीवर नऊ घरं होती आणि बाराशे मेंढरं. हरकत नोंदवायला अजून पंधरा दिवस होते. सुट्टीच्या दिवशी दोघांनी ती वाट पायी चालून फोनवर तिचा नकाशा केला. काट्याकुट्यातून जाताना तो पुढं होऊन फांद्या धरायचा. ती जाईपर्यंत धरून ठेवायचा… आणि जरा नंतरही.

वस्तीनं हरकत नोंदवली, आणि तिच्या सुनावणीत साखराबाई बोलली. उन्हाळ्यात निर्णय आला. रस्त्याकडेचा पट्टा मेंढरांसाठी राहणार होता, फक्त कारखान्यांच्या प्लॉटपाशी अर्धा किलोमीटर सोडून. तिथं मेंढरांना गाड्यांबरोबरच चालावं लागणार होतं. बातमी सांगायला रुद्राणी धावत आली, पण बिभीषणचा चेहरा पुरता खुलला नाही.

"आता तुमी कशाला याल इकडं?"

"मग तुम्ही या," ती म्हणाली. "परळीला. आप्पांना भेटायला."

तो गेला. रुद्राणीचे वडील मन्मथप्पा किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाला साखर बांधून दिली, दुसऱ्याला तेल दिलं. धनगराच्या घरी आपली लिंगायताची पोर… हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दुकानात ते सगळ्यांना ऐकू आल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, जेवलास का. नाही, म्हणाल्यावर रुद्राणीच्या आईनं, शांतादेवींनी, ताट वाढलं.

"आजच हो म्हणणं माझ्याच्यानं होणार न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "पुढल्या सोमवारी ये. आईला घेऊन ये."

रुद्राणी त्याला सोडायला स्टँडवर आली. बीडची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर हाका मारत होता, माणसं चढत होती. भर गर्दीत तिनं त्याचा हात धरला. खरखरीत, उबदार हात.

"ही जाऊ द्यावी म्हणतो," तो म्हणाला. "तासाभरानं दुसरी हाय."

"मग थांब ना," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत.