धैर्याच्या क्यूची नवी टिप

श्रावणातली दुपार होती आणि काम अगदी साधं होतं. स्नूकरच्या क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोकाकडचं पितळी टोपण हलत होतं, ते घट्ट करून आणायचं. एवढ्यासाठी शंभूराजने पाटणहून कोयनानगरला जायला गाडी काढली, तर त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी, लालासाहेबांनी, "मीबी येतो" म्हणून हट्ट धरला. शंभूराजच्या कपाळाला आठ्या पडल्या. आबांना हवापालट नको होती. त्यांना क्यूवर नजर ठेवायची होती, आणि तीही काचबिंदूने गेलेल्या डोळ्यांनी.

लालासाहेब फौजेत साहेब लोकांच्या मेसमध्ये होते. स्नूकरच्या टेबलाची झाडलोट त्यांच्याकडे. साहेब खेळायचे, हे भिंतीला टेकून बघायचे. पेन्शनवर येताना त्यांनी एक मनसुबा आणला होता, की आपल्या पोराने हा खेळ साहेबांच्या नाकावर टिच्चून खेळायचा. पोरं दोन होती, मनसुबा मात्र एकापुरताच होता. तो थोरल्या धैर्यशीलला मिळाला. धैर्यशील डावखुरा, हसतमुख, तंबाखू सुटावी म्हणून सदा तोंडात लवंग धरणारा. नवा क्यू त्याला, आणि त्याने टाकलेलं सगळं शंभूराजला; शर्ट, सायकल, आणि खेळायला एक वाकलेला जुना क्यू. त्या वाकड्या क्यूनेही शंभूराज बरा खेळायचा. पण ते कुणी बघायला तर पाहिजे.

मागल्या वर्षी धैर्यशील कोयनेहून पाटणला उतरताना घाटात गाडीसकट दरीत गेला. गाडीचा चुराडा झाला. क्यूची पेटी मात्र करवंदीच्या जाळीत अडकून राहिली, तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. आता रविवारी कराडला त्याच्या नावाने स्पर्धा होती, आणि आबांनी फर्मान काढलं होतं, की शंभूने धैर्याच्या क्यूने खेळायचं. दिला म्हणजे देऊन टाकला असं नव्हे. पाहुण्याला ताट द्यावं तसा दिला, खाऊन झालं की परत करायचा.

"टोपण तेवढं घट्ट कर म्हणावं," गाडीत आबा पुन्हा पुन्हा सांगत होते. "टोकाच्या चामडी टिपला हात लावायचा न्हाई. तिच्यावर त्येचा शॉट बसलाय."

शंभूराजने गाडीचा वेग तेवढा वाढवला. त्याने मनात ठरवून टाकलं होतं.

धरणाच्या वसाहतीतला क्लब कधीचाच बंद पडला होता. हॉलमध्ये एक टेबल उरलं होतं आणि महेंद्र उरला होता. पूर्वी तो तिथे मार्कर, म्हणजे खेळाचे गुण मांडणारा, होता, आता कराड-सांगलीकडचे लोक क्यू दुरुस्तीला त्याच्याकडे पाठवत. तोंडाचा फटकळ, हाताचा सावकाश. धुकं इतकं दाटलं होतं की व्हरांड्यातून फाटक दिसत नव्हतं. आबांना व्हरांड्यातल्या खुर्चीत शाल पांघरून बसवलं, आणि आत गेल्यावर शंभूराजने दार लोटून घेतलं.

"टिप बदला," तो हळू आवाजात म्हणाला. "टोपणबी नवं घाला. त्येचं काय ठिवू नका त्या टोकाला."

महेंद्रने क्यू हातात फिरवून पाहिला. "आबांना इचारलंय?"

"खेळणार मी हाय. आबा न्हाईत."

"तुमच्या घरचं तुमी बघा," महेंद्र म्हणाला आणि त्याने पातं उचललं.

जुनी टिप सहजासहजी सुटेना. चामड्याचा तो इवलासा तुकडा, वर्षभर कुणी न वापरलेला, पण पात्याखाली मऊ लागत होता. अखेर निघाला. मग महेंद्रने जुनं टोपण काढलं, नवं बसवलं, त्याचं तोंड बारीक कागदावर घासून सपाट केलं, नव्या टिपच्या पाठीला सरस लावला आणि अंगठ्याने दाबून धरली. हॉलमध्ये सरसाचा आणि ओल्या भिंतींचा वास कोंडला होता. पत्र्यावर पावसाची संथ टपटप चालू होती.

तेवढ्यात जमीन हलली.

फार नाही, खिडक्यांची तावदानं थरथरली, टेबलावरचे बॉल एकमेकांवर आपटून कटकटले. कोयनेत अशा धक्क्याला कुणी जागेवरून उठत नाही. महेंद्रने मानसुद्धा वर केली नाही. धक्का थांबला, बॉल थांबले. एक काळा तेवढा थांबला नाही. तो हिरव्या कापडावरून आपला सावकाश चालत राहिला, कडेला टेकून वळला आणि कोपऱ्यातल्या खिशात पडला. तो खिसा धैर्यशीलच्या आवडीचा होता, हे शंभूराजला आठवलं, आणि आठवल्याचा त्याला राग आला. मेल्यावरही माणसाने किती जागा अडवायची?

सरस वाळल्यावर महेंद्रने क्यू उलटा धरून टिपच्या कडा कापल्या, कानशीने तिला गोलाई दिली. मग क्यू शंभूराजच्या हातात देऊन चामड्याची चिंधी पुढे केली.

"आता कडंला थुंकी लावा आन घासा, चकाकी येईस्तवर. ज्यो खेळणार त्येचीच थुंकी पायजे. आमच्या क्लबात पयल्यापासनं तशी रीत हाय. टिप ज्येची थुंकी पिती, त्येचीच होती. मी आबांना च्या देऊन येतो."

शंभूराजला हेच हवं होतं. त्याच्या आयुष्यात कधीतरी एक वस्तू पहिल्यापासून त्याची होणार होती. त्याने बोट जिभेवर टेकवलं. जीभ कोरडी होती. घाटात गाडी चालवताना त्याच्या पोटात नेहमीच ढवळायचं, आणि आज तर तोंडाला पार कोरड पडली होती. त्याने गिळून पाहिलं, गाल आत ओढून पाहिले. थेंबभर ओल सुटेना. पाणी मागावं तर दार उघडावं लागणार, आणि बाहेर आबा.

क्यूच्या पेटीच्या कप्प्यात काहीतरी खुळखुळलं. पत्र्याची छोटी डबी. आत एकच लवंग उरली होती.

त्याने फार विचार केला नाही. लवंग तोंडात टाकली, चावली. तोंडाला पाणी सुटलं, जरा जास्तच सुटलं. त्याने टिपची कड ओली केली आणि घासू लागला. चामडं काळपट होत गेलं, चकाकू लागलं. मन लावून घासताना बरं वाटत होतं.

महेंद्र परत आला आणि दारातच थबकला. त्याने नाक वर करून वास घेतला.

"तोंडात काय हाय?"

"लवंग. थुंकी सुटंना झालती..."

"कुणाची लवंग?"

शंभूराजने धैर्यशीलच्या डबीकडे पाहिलं. महेंद्रनेही पाहिलं.

"पुसून टाका," महेंद्र अगदी हळू म्हणाला. "पयली पुसा... मी दुसरी टिप लावतो."

शंभूराजने चिंधी फिरवली. टिप ओलीच. पुन्हा पुसली. चामड्यातून ओल वर येत होती, पुसावी तितकी येत होती, आणि लवंगेचा वास हॉलभर झाला होता. मग त्याच्या मनात आलं की एक शॉट मारून बघू. हे आपल्याच मनात आलं का, हे त्याला नीट कळलं नाही. तो टेबलावर वाकला.

टक्.

लाल बॉल सरळ खिशात. तसला शॉट त्याला जन्मात जमला नव्हता. आनंदाने त्याने मान वर केली, तर महेंद्र भिंतीला लागून उभा होता आणि त्याच्या हातांकडे बघत होता. शंभूराजनेही खाली पाहिलं. नेहमी उजव्या मुठीत असणारं क्यूचं बूड त्याच्या डाव्या मुठीत होतं.

बाहेर काठी आपटल्याचा आवाज आला. दार ढकलून आबा उंबऱ्यात उभे राहिले. वर्षभर दगडासारखा असलेला त्यांचा चेहरा हलला.

"धैर्या?"

शंभूराज टेबलावरून सरळ झाला.

"ह्यो शॉट मी झोपंतबी वळकीन," आबा म्हणाले. "टिप तीच ठिवली न्हवं? आवाजच सांगतोय." ते चाचपडत टेबलापाशी आले. शंभूराजचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि कुरवाळला. असा हात त्यांनी त्याचा कधीच धरला नव्हता. "कवा आलास रं?"

आबा, मी शंभू. एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, जीभ लवंगेने बधिर झाली होती.

"आत्ताच, आबा," तो म्हणाला. आवाज हसरा होता. शंभूराज असा कधी हसून बोलत नसे.

आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. शालीच्या टोकाने त्यांनी ते पुसलं. मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "आन शंभ्या कुठं गेला?"

शंभूराजने जिवाच्या आकांताने महेंद्रकडे पाहिलं. महेंद्र जमिनीकडे बघत होता.

"जाऊ दे," आबा म्हणाले. "आसंल हितंच कुठंतरी. गाडी तू चालीव. त्येला घाट जमत न्हाई."

वर्षभर शंभूराज या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेत होता, त्याच्या डोळ्यांत औषध घालत होता, रात्री पाय चेपत होता. आबांना त्याची आठवण यायला एवढा वेळ लागला, आणि विसरायला काहीच लागला नाही. त्याला ओरडून रडावंसं वाटलं. पण डाव्या हाताने पेटीत क्यू ठेवला, पेटी उचलली आणि उजव्या हाताने आबांना धरून गाडीपर्यंत आणलं.

आबा मागे बसले. शंभूराज स्टिअरिंगपाशी बसला. शेजारची सीट रिकामी होती. धुक्यात रस्ता दहा पावलांपलीकडे दिसत नव्हता, आणि पुढे सगळा उतार होता. ज्या पोटात घाटाच्या नावाने ढवळायचं, ते आता शांत होतं. डावा हात गिअरवर जाऊन बसला, ओळखीच्या जागी बसावा तसा.

तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा सरसरत ओढला गेला आणि कट् करून लागला.

"आलास व्हय रं शंभ्या?" मागून आबा त्या सीटकडे तोंड करून म्हणाले. "गप बस आता. धैर्याला गाडी चालवू दे."