अपग्रेडच्या आधीचा शनिवार

फेब्रुवारीतला पाऊस केबलकारच्या काचांवर तडतडत होता. ला पाझ शहरातून वर डोंगरावरच्या एल आल्तोला, घरी निघाले होते मी. मांडीवर अवजड कॉम्प्युटर, आणि अंगात त्राण नाही. समोरचा माणूस मघापासून त्याच्याकडेच बघत होता.

"घरी जोडलेला दिसतोय," तो म्हणाला. "मागचा पंखा उलटा बसवलाय."

"बसवणाराही उलट्याच डोक्याचा होता."

"होता?"

"जिवंत आहे. सोडून गेला."

तो हसला... पण थकून. त्याचं नाव एफ्राइन, इस्पितळातली यंत्रं सांभाळायचा. रात्रपाळी करून घरी चालला होता. मी निएवेस, घरांचे नकाशे काढते. तीन वर्षांचं काम त्या पेटीत होतं. जुनी सिस्टीम आता बंद होणार, आणि नवी यावर चालणारच नाही, टाकून द्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

"टाकू नका," एफ्राइन म्हणाला. "शनिवारी येऊन बघतो. चालेल?"

नाही म्हणायलाही ताकद लागते. मी पत्ता दिला.

शनिवारी सकाळी तो आला, हातात गरम साल्तेन्यांची, सारण भरलेल्या भाजक्या करंज्यांची, पुडी.

"आधी सगळ्या नकाशांची दुसरी प्रत काढू," म्हणाला. "त्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही."

प्रत निघायला तीन तास लागणार होते. मी खुर्चीत बसले आणि... कधी डोळा लागला कळलंच नाही. जागी झाले तेव्हा माझ्या अंगावर माझीच शाल होती, आणि समोर भिंतीला डोकं टेकून तोही झोपला होता. साल्तेन्या निवून गेल्या होत्या. किती दिवसांनी कुणाच्या सोबतीने अशी गाढ झोपले होते मी!

"घोरत होतात तुम्ही," मी म्हटलं.

"सुरुवात तुम्ही केलीत."

मग मदरबोर्डचा आतला प्रोग्राम नवा करायचा होता. सात मिनिटं. "मध्येच वीज गेली तर बोर्ड गेलाच समजा," तो म्हणाला. चौथ्या मिनिटाला दिवा लुकलुकला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. दिवा स्थिर झाला, सात मिनिटं संपली... मनगट सोडायचं राहूनच गेलं.

डाव्या हाताने त्याने सेटिंगमधली एक ओळ बदलली. पडद्यावर आलं: हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमसाठी पात्र आहे.

"एवढंच?"

"एवढंच. नव्या सिस्टीमला लागणारी सुरक्षेची चिप होतीच आत, कुणी चालू केली नव्हती."

"मग त्या दिवशी केबलकारमध्येच का नाही सांगितलंत?"

कान लाल झाले त्याचे.

"अंदाज तेव्हाच आला होता. पण सांगितलं असतं, तर तुम्ही आभार मानून उतरून गेला असता."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. तो उलट्या डोक्याचा गोन्सालो सोडून गेल्यापासून दार लावून घ्यायचीच सवय झाली होती.

"अपग्रेड पुढच्या शनिवारी करू या?" त्याने हळूच विचारलं. "म्हणजे... यायला कारण राहील."

"नको," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. मी तो पुन्हा धरला.

"अपग्रेड आजच करून टाक, एफ्राइन. पुढच्या शनिवारी नुसता ये."