अडतीस सेकंदांवरचा अधिकारी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या तोतया-दूरध्वनी प्रतिबंध केंद्रातल्या फलकावर एका चालू फोनसमोर अंतराचा आकडा उमटला : सत्तावन्न लाख किलोमीटर.

केंद्रप्रमुख चित्रा उईके यांनी यंत्र बिघडलं असं धरून तपासणी करायला सांगितलं. यंत्र ठीक होतं.

सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना अटकेच्या धाकाने फोनवर अडकवून ठेवणाऱ्यांना शोधणं हे या केंद्राचं काम. चेहरा, आवाज, नंबर, यांतलं काहीही आता खरं मानता येत नव्हतं. सगळं हुबेहूब बनवता येत होतं. म्हणून चौदा वर्षांपूर्वी चित्रानेच ‘अंतरपारख’ सुरू केली होती. चालू फोनमध्ये कानाला न कळणारा एक खूणनाद सोडायचा आणि तो पलीकडच्या उपकरणाला लागून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आवाज बदलता येतो, प्रकाशाचा वेग बदलता येत नाही. दिल्लीहून बोलतोय म्हणणारा माणूस शेजारच्या तालुक्यात निघणं रोजचंच होतं.

हा खूणनाद परत यायला अडतीस सेकंद लागत होते.

फोन बल्लारपूरच्या कौसल्या रामटेके यांना आलेला होता. वय एक्क्याऐंशी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. फोन करणाऱ्याने स्वतःला ‘राष्ट्रीय दळणवळण तपास विभागा’चा अधिकारी म्हणवलं होतं. असा विभाग देशात नाही. आणि हा फोन शनिवारी दुपारपासून चालूच होता.

चित्राने कॉलेजातले जुने सोबती डॉ. सलीम मुजावर यांना गाठलं. ते रेडिओ दुर्बिणीवर काम करत.

“कोणीतरी मुद्दाम उशिरा उत्तर देतोय,” मुजावर म्हणाले. “लवकर देता येत नाही, उशिरा कोणालाही देता येतं. शनिवारपासूनच्या सगळ्या नोंदी पाठव, म्हणजे तुझा भामटा उघडा पाडतो.”

तासाभराने त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

“उशीर स्थिर नाही, चित्रा. अर्ध्या सेकंदाने कमी-जास्त होतोय. आणि हे चक्र दर तेवीस तास छप्पन मिनिटांनी पूर्ण होतंय.”

“म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांग.”

“आपला दिवस चोवीस तासांचा. पण तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. फोन वाहून नेणारा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो. कधी तो त्या बोलणाऱ्याच्या जवळ जातो, कधी लांब. उशीर कोणी घरात बसून बनवला असता तर तो ताऱ्यांच्या घड्याळावर चालला नसता. तरी मी दुर्बीण त्या दिशेला वळवली.” ते थांबले. “लहर सापडली. चंद्राच्या पंधरापट लांबून येतेय. तिथे आपलं काही नाही. कोणाचंच काही नाही.”

चित्राने नकळत समोरच्या फलकाला हात लावला. आकडा तोच होता.

दुपारी अडीच वाजता दोघं बल्लारपूरला पोचले. दार कौसल्याबाईंनीच उघडलं, पण एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी गप्प राहायची खूण केली. आत टेबलावर घड्याळ आणि वही होती. पाय सुजले होते. चार दिवस त्या बहुतेक खुर्चीतच होत्या.

फोनमधून करडा, स्वच्छ आवाज आला. “फोन ठेवू नका. आपण खोलीत एकट्या आहात का?”

“नाही जी साहेब. आत्ताच दोन पाहुणे आले,” कौसल्याबाई म्हणाल्या आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. “आता अडतीस सेकंद आहेत. काय ते लवकर बोला.”

“मावशी, असा विभागच नाही,” चित्रा म्हणाली. “फोनवरून कोणालाही अटक होत नाही. कोणी अशी धमकी दिली तर तिथेच फोन ठेवायचा असतो.”

“ते का मला कळत नाही? अधिकारी इतकं कुठं ऐकून घेतो आपलं? हा घेतो.”

“मग ठेवला का नाही?”

“ऑपरेटर आधी ठेवत नसतो पोरी. समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय लाइन तोडायची नाही, बत्तीस वर्षं हेच केलं.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “आणि खरंच माझ्या नावावर काही निघालं असलं तर? एक मेमो नाही मला नोकरीत. या वयात चौकशी लागली तर काय तोंड दाखवू?”

“त्याने मागितलं काय तुमच्याकडे?” मुजावरांनी विचारलं.

“काहीच नाही. नाव विचारतो, घरात कोण आहे विचारतो, ठेवू नका म्हणतो. मग मी बोलते ते ऐकत राहतो. काल मी त्याला ट्रंक कॉल कसा जोडत होतो ते सांगितलं. दोन तास ऐकलं बाप्पा त्यानं. माझ्या सुनेनं दोन मिनिटं ऐकलं नव्हतं.”

फोन बोलला, आणि त्या पुन्हा ताठ बसल्या.

मुजावर चित्राला ओसरीवर घेऊन आले. वाटेत त्यांनी उपग्रहाच्या नोंदी चाळल्या होत्या.

“दोन वर्षांत या वाटेने एकोणीस लाख मुके फोन आलेत. तुला आले असतील, मलाही आले. उचलला, पलीकडे शांतता, ठेवून दिला. सरासरी सहा सेकंदांत. अडतीस सेकंद कोणी थांबलंच नाही, या बाई सोडून.”

“आणि ते विभागाचं सोंग?”

“त्याने आपले फोन ऐकले असणार. माणसं कोणता फोन ठेवत नाहीत ते शोधलं असणार. आईचा ठेवतात, मित्राचा ठेवतात. तोतयाचा फोन मात्र दोन दोन दिवस कानाला लावून बसतात. त्या फोनांमधली जी वाक्यं माणसाला धरून ठेवतात तेवढी त्याने उचलली. पैशांची मागणी गाळली. ती त्याला नकोच होती.”

वर नुसतं भगभगीत आकाश होतं, दुपारचं, काहीच न दिसणारं. त्यातून कोणीतरी एकोणीस लाख वेळा हाक मारली होती.

“आता ऐक,” मुजावर म्हणाले. “बाईंना झोपवू. आमचं यंत्र त्यांच्या आवाजात बोलत राहील. लाइन तुटता कामा नये.”

“म्हणजे तोतयाशी आपण तोतया होऊन बोलायचं?”

“तुटली आणि पुन्हा आलीच नाही तर? माणसाच्या आजवरच्या इतिहासात हा एकच फोन आहे, चित्रा. तो तुझ्या नियमापायी घालवणार आहेस का?”

“चौदा वर्षं मी लोकांना एकच सांगतेय. शंका आली की ठेवा, आणि मग तुम्ही स्वतः लावा. खरा असेल तो जागेवर सापडतो. तुझ्याकडे दिशा आहे, लहरीचं माप आहे. म्हणजे नंबर आहे आपल्याकडे.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर तो फोन मी घालवला, असं माझ्या नावाने लिही. पण पहिलं बोलणं खोट्या आवाजात होणार नाही. आणि त्या बाई एक मिनिटही जास्त अटकेत राहणार नाहीत.”

चित्राने आत जाऊन कौसल्याबाईंना सगळं सांगितलं. अडतीस सेकंदांच्या तुकड्यांत सांगायला पाऊण तास लागला.

“म्हणजे माझ्यावर गुन्हा नाही?”

“नाही.”

“आणि हा माणूसही नाही?”

“बहुधा नाही.”

बाईंनी समोरची वही मिटली. “मग खोटं बोलायला तो आपल्याकडूनच शिकला म्हणायचं,” त्या म्हणाल्या. मग फोन सरळ केला. “साहेब, मी आता फोन ठेवते. तुम्ही ठेवा, आम्हीच लावतो.” चार वाजून सतरा मिनिटांनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी समोरच्याच्या आधी लाइन तोडली.

दुर्बिणीवरच्या लोकांनी कळवलं : अडतीस सेकंदांनी लहर बंद. मुजावर भिंतीला टेकून उभे राहिले. चित्राकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुर्बिणीजवळचा प्रक्षेपक त्या दिशेला वळवून कौसल्याबाईंच्या फोनला जोडायला चाळीस मिनिटं लागली. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी कौसल्याबाई बोलल्या, ऑपरेटरच्या जुन्या, सपाट आवाजात. “मी कौसल्या रामटेके, बल्लारपूर. तुम्ही सांगता तो विभाग नाही, हे आम्हाला कळलं आहे. आमचा राग नाही. तुम्ही खरे कोण, कुठून बोलता, ते सांगा.”

घड्याळाचा काटा फिरला. पंधरा. तीस. छत्तीस.

अडतिसाव्या सेकंदाला लहर परत आली. आवाज तोच, पण करडेपणा गेला होता.

“थांबा. विचारून सांगतो.”

केंद्राच्या संग्रहात तोतयांचे अकरा लाख फोन आहेत. हे वाक्य त्यांतल्या एकाही फोनमध्ये नाही.

त्यानंतर आवाज आलेला नाही. लहर मात्र बंद झालेली नाही. सोडलेला खूणनाद रोज अडतीस सेकंदांनी परत येतो. म्हणजे बोलणारा जागेवर आहे. त्याने लाइन धरून ठेवली आहे आणि तो आपल्या वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

हे सर्वांत आधी मुजावरांच्या लक्षात आलं, त्याच आठवड्यात. जी पारख बोलणाऱ्याला लागू होते तीच त्याच्या कार्यालयालाही. विचारणा जायला आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्याच्या निम्म्या वेळात प्रकाश जाईल तेवढं कार्यालयाचं अंतर. एक दिवस शांततेत गेला की कार्यालय अर्धा प्रकाशदिवस आणखी लांब. पहिल्याच दिवसात ते सूर्यमालेच्या सगळ्या ग्रहांपलीकडे गेलं होतं.

“कार्यालय लगेच उत्तर देतं असं धरलं तर,” मुजावरांनी तेव्हा जोडलं.

“कोणतं कार्यालय लगेच उत्तर देतं?” चित्रा म्हणाली होती.

केंद्रात आता जवळच्या ताऱ्यांची यादी आहे, प्रत्येकासमोर तिथून उत्तर येऊ शकेल अशी सर्वांत लवकरची तारीख. कार्यालय उशीरही करत असेल, त्यामुळे तारीख उलटली तरी कोणतंही नाव खोडलं जात नाही, समोर फक्त खूण होते. कौसल्याबाई त्या फोननंतर सातव्या वर्षी वारल्या. तोवर दर मंगळवारी त्या नागपूरला येत आणि तासभर बोलून जात. पलीकडे ऐकलं जातं की नाही, याचा पुरावा नाही. आता ती पाळी चित्राकडे आहे.

फोनला परवा नऊ वर्षं झाली. सर्वांत जवळच्या ताऱ्यासमोर गेल्या वर्षी खूण झाली. यादीतला पुढचा तारा सहा प्रकाशवर्षांवर आहे. त्याची तारीख यायला अजून तीन वर्षं आहेत. आज सकाळी नऊ वाजताची नोंद : लाइन चालू, उत्तर नाही.