दाबलेला ब्रेक

ही गोष्ट ज्यांना खोटी वाटेल त्यांना वाटू दे. मलाही ती खोटी ठरलेली हवी आहे.

आमच्या घरात भूत, बाधा, लिंबू-मिरची यातलं काही चालत नाही. सासूबाई जिजाबाईंनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात घरातले सगळे गंडेदोरे विहिरीत टाकले. मी स्वतः एम.ए. झालेली आहे. तेव्हा मी सहजासहजी काही मानणारी नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तारीख मला पाठ आहे. १५ मे १९८३, रविवार. दुपारचा दीड.

रात्र नव्हती. रस्ता निर्मनुष्य होता, पण डोळ्यांना सहन होणार नाही इतकं ऊन होतं.

माझे मिस्टर रविंद्र नोकरी सांभाळून गाडी पळवायच्या शर्यतीत उतरायचे. आमची जुनी फियाट त्यांनी इंजिनापासून बदलून घेतली होती. सहा दिवस तीच गाडी ऑफिसला न्यायची, आणि वर्षातून दोनदा एका पडीक धावपट्टीवर शर्यतीत उतरवायची. इंजिन जोरदार झालं, पण ब्रेक जुनेच, ड्रमचे. जानेवारीतल्या शर्यतीत ते तापले आणि पकडेनात. गाडी धावपट्टी संपून तुरीच्या शेतात गेली. मिस्टर हसत घरी आले. मी दोन दिवस जेवले नाही.

तेव्हा डिस्क ब्रेक बसवायचा आग्रह माझाच होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

अशा डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, तेव्हा सहज मिळत नसत. इतवारी बाजाराच्या मागे एका कबाड्याकडे कुठल्याशा परदेशी गाडीच्या निघाल्या. गाडी चेपलेली, नंबरपाटी नाही. कोणाची, कुठली, कबाड्याला ठाऊक नव्हतं. की सांगायचं नव्हतं.

मिस्त्री होते नत्थूजी. साठीचे, कमी बोलणारे. डिस्क लेथवर घासून साफ करायला घेतल्या, तेव्हा दोन्हींवर एकेक डाग दिसला.

निळसर काळा. डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेक-पॅडच्या आकाराचा. दोन्हीकडे नेमका एकाच जागी.

नत्थूजींनी तो घासून काढला. तिसऱ्या दिवशी तो परत वर आला होता. पुन्हा घासला. पुन्हा आला.

मी गौतमीला कडेवर घेऊन तिथेच उभी होते. गौतमी म्हणजे माझी मुलगी. तेव्हा तीन वर्षांची.

मिस्टरांनी विचारलं, "काहून जाऊन नाही राहिला हा?"

"असा डाग म्या आधी पाहिला हाय गा," नत्थूजी म्हणाले. "ब्रेक लालबुंद तापले, गाडी थांबली, अन् थांबल्यावर बी पाय दाबूनच ठेवला का पॅडचा छाप पडते. लोखंड तिथं कडक होते. पण इतका खोल... जित्ता माणूस इतका वेळ पाय दाबून ठेवत नाही, भाऊ."

मिस्टर हसले. म्हणाले, नत्थूजी, तुम्हाले डिस्क बसवायच्या नसतील तर तसं सांगा. नत्थूजींनी बसवल्या. चाकाखाली लिंबू ठेवू का, एवढं एकदा विचारलं. आम्ही नको म्हटल्यावर पुन्हा बोलले नाहीत.

नवीन पॅड आणि डिस्क बसवले की ते एकमेकांना घासून बसवावे लागतात. त्याची रीत असते. गाडी ऐंशीवर न्यायची, ब्रेक दाबून वीसवर आणायची, लगेच पाय काढायचा. असं दहा वेळा. मधे गाडी थांबवायची नाही. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं तर मुळीच राहायचं नाही.

माझं माहेर सावनेरचं. गौतमीला आईकडे पोचवायचंच होतं. मिस्टर म्हणाले, त्याच रस्त्यावर काम उरकू, दुपारी कोणी नसतं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण गाडी आता सुरक्षित झाली, असं मीच तर सगळ्यांना सांगत होते.

पाटणसावंगी मागं पडलं आणि त्यांनी सुरुवात केली.

एक. दोन. तीन.

गौतमी माझ्या मांडीवर. मी तिला दोन्ही हातांनी धरलेलं. प्रत्येक वेळी आम्ही पुढे फेकलो जायचो आणि ती खिदळायची.

चौथ्या वेळी जळका वास आला. मिस्टर म्हणाले, येणारच, पॅड तापतात.

पाचव्या वेळी... वास नाहीसा झाला.

विरला नाही. एकदम गेला. त्याच्याबरोबर खिडकीतून येणारी गरम हवाही गेली. काच उघडी होती. माझ्या पदराचं टोक बाहेर लोंबत होतं.

ते हलत नव्हतं.

गाडी ऐंशीवर होती.

गौतमी हसायची थांबली.

सहाव्या वेळी गाडी मंद व्हायला लागली. मी म्हटलं, अहो, हळू दाबा जरा. मी पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी पाय ठेवलाच नाही वं अजून."

मी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय मागे घेतलेले होते.

ब्रेकचं पेडल पार तळाला गेलेलं होतं.

साठ. चाळीस. वीस.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. पाखरू नाही, झाडाचं पान नाही. फक्त पुढच्या चाकांतून तापलेलं लोखंड थंड होताना येतो तो आवाज.

टिक... टिक... टिक...

थंड होताना तो आवाज सावकाश होत जातो. हा वाढत होता.

तेवढ्यात मला जाणवलं, की माझी मांडी रिकामी आहे.

गौतमी खाली उतरून उभी होती. कधी उतरली, मला कळलं नाही. मी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पाठ सीटला टेकलेली, डावा पाय सैल. आणि उजवा पाय... गाडीच्या तळावर दाबलेला. गुडघा ताठ. बोटं चपलेत वळलेली.

"गौतमी, पाय उचल बाळा."

"उचलू देत नाही."

"कोण?"

ती तळाकडे बघत होती, जसं आपण कोणाच्या तोंडाकडे बघतो तसं.

मी तिची पोटरी धरली. तीन वर्षांच्या पोरीची पोटरी. लोखंडाच्या कांबीसारखी लागली. मिस्टरांनी तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला बघितलं. अंग वर आलं, पाय आला नाही. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. तिनं तोंड उघडलं, पण रडण्याचा आवाज बाहेर आलाच नाही.

चपलेचं रबर वितळायला लागलं होतं.

टिक टिक टिक टिक...

त्या वेळी मला एक गोष्ट स्पष्ट कळली. कशी, ते विचारू नका. जे होतं, त्याला आमची गाडी नको होती, मिस्टर नको होते. त्याला पाय हवा होता. आपल्या जागी दाबून ठेवायला कोणाचा तरी पाय. आणि त्याला लहान पाय आवडला होता.

मी माझी चप्पल काढली. उजवा पाय तिच्या पायावर ठेवला आणि सगळं वजन टाकून दाबला.

मी मोठ्यानं म्हटलं, "हिले सोड. माझा घे."

शिकलेली बाई. म्हटलं मी.

पेडल खट् करून वर आलं. गौतमीचा पाय माझ्या पायाखालून निसटला आणि ती किंचाळून रडली. वारा आला. पदर फडफडला.

मिस्टरांनी ब्रेकच्या पेडलला पाय न लावता, गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी सावनेरला नेली.

गौतमीच्या तळव्याला फोड आले होते, आठवड्यात बरे झाले. घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ऊन लागलं तुले. लोखंड तापते, पोरीचा पाय भाजते, त्यात काय? पुन्हा या घरात असलं बोलायचं नाही." मला राग आला नाही. त्यांनी म्हटलेलं खरं असावं, असंच मला वाटत होतं.

डिस्क काढायला नत्थूजी घरी आले. चाक उतरवून बराच वेळ नुसते बघत बसले. मिस्टरांनी मला हाक मारली.

डाग नव्हता. दोन्ही डिस्क आरशासारख्या स्वच्छ.

नत्थूजींनी डिस्क खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पाय बरा हाय का तुमचा?"

माझ्या पायाचं मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मिस्टरांनाही नाही.

रस्त्यावर कुठे गाडीचा ब्रेक लागला, की माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. नसा ठीक, हाडं ठीक. म्हणाले, तुम्ही काळजी फार करता.

पाय उचलता येत नाही असं नाही. येतो. जोर लावला तर येतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकदा उचलला होता. दोन्ही हातांनी मांडी धरून, ओढून. फार मोकळं वाटलं. मग अंगणातली गौतमीची बडबड थांबली, म्हणून मी खिडकीतून बघितलं.

ती खेळ सोडून उभी होती. उजवा गुडघा ताठ.

मी पाय परत टेकवला. ती पुन्हा खेळायला लागली.

तेव्हापासून मी उचलत नाही. दूध उतू जाऊ दे, दारावर कोणी येऊ दे. सासूबाई म्हणतात, सून आळशी झाली. म्हणू देत.

हे लिहिताना कोपऱ्यावर एका टेम्पोनं ब्रेक मारला. त्याला आता वीस मिनिटं झाली. गौतमी दारात येऊन उभी आहे. या पायाबद्दल मी तिच्यासमोर कधी बोललेले नाही. नत्थूजींनी पायाचं विचारलं तेव्हा ती सावनेरला होती.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीये. पायाकडे बघते आहे.

"आई, उचल ना," ती म्हणते. "थोडासाच."

आवाज तिचाच आहे.

मी उचललेला नाही.