रघुजींची तिथी

देवासची बस इंदूरला सोडून मयुरेश धारच्या बसमध्ये चढला, तेव्हा त्याची लेक वेदिका जागा धरून बसलेलीच होती. ती इंदूरला नोकरी करते. दोघं दुपारी धारला उतरली. रिक्षावाल्यानं "भिया, किधर?" विचारायच्या आत वेदिकानं राममंदिर सांगून टाकलं. पितृपक्षातली पंचमी, मंदिरात कीर्तनाचा सप्ताह. आजी घरी सापडायचीच नाही.

झालंही तसंच. कीर्तनाला अजून वेळ होता, चटयासुद्धा पुरत्या अंथरल्या नव्हत्या, आणि वासंतीबाई आपली प्लॅस्टिकची खुर्ची अगदी पुढे मांडून बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, पण बुवांनी नामाचा गजर धरला की टाळी अशी वाजवायच्या की तबलजीनं मान डोलवावी.

"आलास मयू? आधी ते पाकीट दे. माझे वडील आहेत ना त्यात?"

"त्यांचे कागद आहेत, आई."

"जन्मभर पाणी तपासलंस, तरी कोरडा तो कोरडाच!"

मयुरेश देवासला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होता, आणि आईच्या या टोमण्याला आता सरावला होता.

बाईंचे वडील रघुजी संस्थानच्या कचेरीत कारकून. गावच्या तळ्याहून मोठं पाणी न पाहिलेला हा माणूस महायुद्धाच्या धामधुमीत मुंबईला गेला आणि आरमारात भरती झाला. वासंती त्यानंतर जन्मली. पुढे ‘बेपत्ता’ एवढीच तार आली. रघुजींच्या बायकोनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, मग श्राद्धाचा विषय काढणार कोण? मयुरेश सर्वपित्री अमावास्येला आजोबांच्या नावानं पाणी सोडी, पण आईचं त्यानं समाधान होईना.

"अमावास्या साऱ्या गावाची," त्या म्हणायच्या. "माझ्या बापाला स्वतःची तिथी पाहिजे. ती कळल्याशिवाय मला डोळे मिटवणार नाहीत रे."

म्हणून वेदिकानं अर्ज केले, पत्रं लिहिली, मागे लागली, आणि शेवटी जुन्या दप्तरातल्या नकला आल्या.

कीर्तनकार तात्याबुवा उपरणं सावरत जवळ आले. तार आली त्या वर्षाचं जुनं पंचांग ते पिशवीत घेऊनच आले होते. "बेटा, तारीख सांग, तिथी मी काढतो. षष्ठी निघाली तर श्राद्ध उद्याच. भटजींना आजच निरोप धाडायला हवा."

वेदिका वाचून सांगू लागली. इंग्रजी तिला सोपं, अडखळत होती ती मराठीत. "सुरुंग काढणारं छोटं जहाज होतं. स्वतःच सुरुंगावर गेलं. पण लगेच नाही डूबलं. दुसऱ्या जहाजानं त्याला रस्सीनं खेचलं, तिसऱ्या दिवशी डूबलं. पणजोबा इंजिनच्या खोलीत होते. पाणी घुसलं म्हणून वरून दार बंद केलं. आणि आतून..."

ती थांबली. मयुरेशनं तिला नको अशी खूण केली होती. ती बाईंनी टिपली.

"आतून काय?"

"आतून ठोकत होते, आजी. लोखंडावर."

"कोणी उघडलं नाही?"

"उघडलं असतं तर जहाज डूबलं असतं."

"मग वाचलं का?"

वेदिकानं पुढचा कागद वर घेतला.

"ठोकणं कधी थांबलं?" तात्यांनी हळूच विचारलं. "तीच तिथी."

"ते नाही लिहिलं. मृत्यूच्या तारखेचा कॉलम खाली आहे."

"खाली नव्हे गं, रिकामा म्हण," बाई सवयीनं म्हणाल्या. "खाली म्हणजे तळाला." आणि आपलाच शब्द ऐकून त्यांनी पदर तोंडाशी नेला.

तात्यांनी बोट फिरवत पानं पाहिली. "सुरुंग लागला ती षष्ठी. बुडालं ती अष्टमी. मधे सप्तमी. तिन्हींतली एक तुम्ही सांगा. कीर्तन संपेपर्यंत ठरवा."

"अष्टमी धरू," मयुरेश म्हणाला. "जहाज बुडालं त्याच्या पुढे तर कोणी जगलं नसणार."

"म्हणजे अष्टमीपर्यंत कोंडून ठेवतोस त्यांना?" आईनं विचारलं.

मयुरेश उठून तीर्थ घ्यायला गेला.

तीर्थ जिभेला लागलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. खारट. चुकून मीठ पडल्याचं खारट नव्हे. कडवट, घशाला ओढ लावणारं. मंदिराची झाडलोट बघणाऱ्या फत्तेसिंगनं तांब्या त्याच्यासमोरच नळावर भरला होता. पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र मयुरेशच्या खिशात नेहमी असे. पाठ फिरवून त्यानं ते पळीत बुडवलं. आकडा चढला, चढतच गेला, आणि यंत्राची खिडकी कोरी झाली. माळव्यात असं पाणी नाही. यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून त्यानं ते पुसून खिशात ठेवलं आणि आईच्या खुर्चीशेजारी चटईवर येऊन बसला.

तात्या उभे राहिले. आख्यान होतं पाण्यात पाय अडकलेल्या हत्तीचं. काय गोड गळा! चिपळ्या वाजायच्या त्या जणू बुवांच्या बोटांना फुटल्यासारख्या. "मंडळी, सगेसोयरे काठावर उभे राहिले, रडले, आणि आपापल्या वाटेनं निघून गेले. पण त्यानं हाक सोडली नाही!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गजर सुरू झाला, झांजा, तबला, टाळ्या. तिरपी उन्हं मंडपात आली होती आणि त्यांच्यात बुक्क्याचे कण तरंगत होते.

गजर चढत गेला तेव्हा मयुरेशला जाणवलं. टाळी पडायची आणि तिच्या किंचित मागून आणखी एक ठोका पडायचा. कोणीतरी लांब बसून ताल धरतंय, आवाज पोचायला वेळ लागतोय, असा. तो चटईखालून येत होता.

त्यानं खांबाला टेकलेल्या फत्तेसिंगला खुणेनं बोलावलं. "बोअरची मोटर चालू आहे का?"

"वो तो परसों से जली पड़ी है, भिया."

"मग खाली काय आहे? तळघर?"

"खाली कहाँ है? सब भरा हुआ है. काला पत्थर."

तात्यांनी हात वर केला. झांजा थांबल्या, तबला थांबला, टाळ्या थांबल्या.

ठोके थांबले नाहीत.

सगळ्या मंडपाला ते ऐकू आले. बोदा, जड आवाज, जाड लोखंडावर आतून काही आपटल्यासारखा. एक बाईंच्या खुर्चीखाली. एक देवाच्या गाभाऱ्याशी. एक बायकांच्या रांगेत; तिथल्या दोघी दचकून उठल्या. मागे दाराशी आणखी किती तरी.

"तात्या, गजर धरा," कोणीतरी म्हणालं. तात्यांच्या हातातल्या चिपळ्या हलेनात.

मयुरेशनं चटई बाजूला सारून फरशीवर तळवे टेकले. फरशी थरथरत होती. ओली नव्हती. ओली असती तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"विचार त्यांना," आई म्हणाली. आवाज अगदी शांत, घरात जेवायला वाढू का विचारावं तसा.

"आई, हे काहीतरी..."

"विचार मयू. पाणी तुझ्याच हातचं मिळायचंय त्यांना."

त्याला लाज वाटली, लेकीसमोर तर फारच. तरी तो वाकला.

"षष्ठी?"

ठोके चालूच राहिले.

"सप्तमी?"

बाईंच्या खुर्चीखालचा ठोका थांबला.

इतका एकदम, की मयुरेशच्या तळव्यांना त्या जागी भोक पडल्यासारखं वाटलं.

"सप्तमी," बाई म्हणाल्या. गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "एक रात्र काढलीत, बाबा. बास झालं आता. परवा या, खीर करते." मग बुवांकडे वळून, "तात्या, भटजींना सांगा. परवा."

तात्यांनी मान हलवली. पण ते बाईंकडे पाहत नव्हते. ते फरशीकडे पाहत होते.

बाकीचे ठोके थांबले नव्हते. ते सरकत होते.

गाभाऱ्याकडून एक. बायकांच्या रांगेतून एक. दाराशी होते ते सगळे, माणसांच्या खालून वाट काढत. ज्याच्या चटईखालून ठोका जाई, तो पाय पोटाशी घेई.

"वेदी," मयुरेशनं मान वर न करता विचारलं, "त्या खोलीत आणखी कोण होतं? नावं काय त्यांची?"

"मला नाही माहीत, पप्पा." तिचा आवाज रडवेला झाला. "मी फक्त पणजोबांचेच पेपर मागवले होते."

त्याला हात उचलायचे होते. उचलवेनात. एकेक करून ते सगळे त्याच्या दोन तळव्यांखाली येऊन गोळा झाले, आणि मग गप्प झाले, प्रश्न विचारून झाल्यावर माणसं उत्तरासाठी गप्प होतात तसे.